टॅगवर 'इटालियन, १६४०', पण पिस्तूल काही वेगळंच सांगत होतं

मित्राच्या काकांकडे दोन पिढ्या भिंतीवर टांगलेलं एक पिस्तूल होतं. मला आधी फक्त चार फोटो आले, सोबत एकच प्रश्न, "किती जुनं आणि कुठलं?" पिस्तूल दिसायला जबरदस्त, अर्ध्या मीटरपेक्षा थोडं लांब, नळी आणि लॉक (गारगोटीच्या ठिणगीने बार उडवणारी यंत्रणा) सोडलं तर सगळा दस्ता चांदीच्या पत्र्याने मढवलेला, त्यावर उठावाची नक्षी, पानं, फुलं, मधेच झेंडे-ढोल-तोफा असा लढाईचा सरंजाम, मूठ निमुळती होत जाऊन टोकाला लिंबासारखा फुगवटा. चापाच्या कडीला दोऱ्याने बांधलेला एक पिवळा पडलेला टॅग, त्यावर टाईप केलेलं, 'इटालियन, १६४० च्या सुमाराचं'. घरात आणखी दोन मतं होती, एक म्हणजे हे कुठल्यातरी समुद्री चाच्याचं आणि दुसरं म्हणजे ही टुरिस्ट लोकांना विकायची शोभेची वस्तू, लॉक बिक सगळं दिखाऊ.

तिन्ही मतं चूक निघाली. पण टॅगवाली चूक सगळ्यात शिकण्यासारखी आहे, कारण ती करणारा माणूस अडाणी नव्हता, त्याने पिस्तुलावर लिहिलेलं वाचलं होतं.

फोटोंवरून मी काहीच ठरवलं नाही, प्रत्यक्ष बघायला गेलो. आणि हातात घेतल्यावर पहिलं काम म्हणजे नक्षी बघणं नव्हे, बार भरलेला आहे का ते बघणं. ठासणीच्या हत्यारात शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा बार तसाच पडून असू शकतो आणि काळी दारू कोरडी राहिली तर ती म्हातारी होत नाही. पद्धत सोपी आहे, लाकडाची बारीक काठी तोंडातून हळूच आत सोडायची, तोंडापाशी खूण करायची, मग तीच काठी नळीच्या बाहेरून धरून बघायची की टोक कानापर्यंत पोचतं का (कान म्हणजे ते बारीक भोक ज्यातून आग आत जाते, तोफेच्या कानात खिळे ठोकतात तोच कान). इथे टोक कानाच्या दोन-अडीच सेंटिमीटर अलीकडेच थांबलं. म्हणजे आत काहीतरी होतं. काका म्हणाले, "अरे, लहानपणी आम्ही याच्याशी चोर-पोलीस खेळलोय." मी काही बोललो नाही, पण पुढचं सगळं काम थांबवलं आणि जुन्या बंदुकांचं काम करणाऱ्या जाणकाराकडून ते काढून घेतलं. निघालं काय तर चिंधीचा बोळा, गंज आणि एक शिशाची गोळी, मागे दारूचं कडक झालेलं ढेकूळ. टुरिस्ट वस्तूवालं मत तिथेच निम्मं मेलं.

उरलेलं निम्मं लॉक बघून मेलं. शोभेसाठी बनवलेल्या पिस्तुलांत बहुतेक वेळा कान पाडलेलाच नसतो, किंवा अर्धवट पाडलेला असतो, स्प्रिंग मरतुकडी असते, आणि गारगोटी जिच्यावर आपटते ती पट्टी साध्या मऊ लोखंडाची असते. इथे कान आरपार, त्याच्या कडा आगीने खाल्लेल्या, रंजक (बार पेटवायची चिमूटभर दारू) ठेवायच्या प्याल्यात खड्डे पडलेले, पोलादी पट्टीवर गारगोटीचे उभे ओरखडे एकावर एक. घोडा अर्ध्या चढावर आणि पूर्ण चढावर दोन्हीकडे घट्ट बसत होता. हे हत्यार कुणीतरी वापरलंय आणि बऱ्यापैकी वापरलंय.

आता टॅग. लॉकच्या पट्टीवर रोमन अक्षरात नाव कोरलेलं होतं, लाझारिनो. ज्याला थोडंफार माहीत आहे त्याचे डोळे इथे चमकणारच. उत्तर इटलीत ब्रेशियाजवळच्या व्हाल ट्रॉम्पिया खोऱ्यात गार्दोने नावाचं गाव आहे, शतकानुशतकं बंदुकीच्या नळ्या बनवणारं, बेरेटा घराण्याच्या १५२६ सालच्या हिशोबात व्हेनिसच्या शस्त्रागाराला १८५ नळ्या दिल्याची नोंद आहे ते याच गावातलं. तिथल्या कोमिनाझ्झो घराण्यातल्या लाझारिनोच्या नळ्या १७ व्या शतकात इतक्या नावाजलेल्या की डायरी लिहिणारा इंग्रज जॉन एव्हलिन १६४६ मध्ये ब्रेशियाला गेला तेव्हा त्याच्याकडून कार्बाईन विकत घेऊन आला आणि तसं लिहूनही ठेवलं. तर टॅग लिहिणाऱ्याने नाव वाचलं, नावावरून माणूस शोधला, माणसाचं साल घेतलं आणि पिस्तुलाला चिकटवलं. काम फत्ते.

पण नाव नीट बघितलं तर त्यात 'एन' उलटा होता, आरशात दिसतो तसा. 'झेड' पण उलटा. आणि शेवटचा 'ओ' लॉकच्या कडेला इतका दाबून बसवलेला की कोरणाऱ्याला जागेचा अंदाज आधी आलाच नव्हता. स्वतःचं नाव आयुष्यभर कोरणारा कारागीर असं करत नाही, आणि रोमन लिपी वाचता येणारा कुणीच करत नाही. हे नाव वाचून नाही तर चित्र म्हणून बघून काढलंय. शिवाय दुसरी गोष्ट, कोमिनाझ्झोची ख्याती नळ्यांची, आणि नाव होतं लॉकवर, नळीवर नव्हे.

या नावाची नक्कल इतकी झाली की बाल्कन भागात 'लाझारिना' हा एका जातीच्या लांब बंदुकीसाठी शब्दच होऊन बसला. म्हणजे नाव सही म्हणून नाही, 'माल चांगला आहे' एवढं सांगायला कोरायचे. त्यामुळे लाझारिनो वाचल्यावर खरं तर इटलीपेक्षा एड्रियाटिक समुद्राच्या पलीकडचा किनारा आधी आठवायला हवा. मलाही पहिल्या दिवशी आठवला नव्हता हे मान्य करतो, मी पण आधी इटलीचीच पुस्तकं काढली होती.

नळीवर पण असाच एक प्रकार होता. मागच्या भागात तीन छोटे लंबगोल खोलगट ठसे, आत पितळ भरलेलं. माद्रिदचे नामांकित नळीवाले आपल्या नावाचा मुकुटवाला ठसा मारून त्यात सोनं भरायचे, ती ऐट होती. इथले ठसे त्या ऐटीची नक्कल, सोन्याच्या जागी पितळ आणि अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा. म्हणजे एकाच पिस्तुलावर इटालियन नाव आणि स्पॅनिश थाटाचे ठसे, आणि दोन्ही वाचता न येणाऱ्या माणसाचे. खोटेपणा असा एकाच जागी गोळा झाला की तोच पत्ता सांगायला लागतो.

तरीही नक्कल कुठेही होऊ शकते म्हणून आकारावरून बाकीचे दावेदार बाद करत गेलो. कॉकेशसची पिस्तुलं चांदी आणि तिच्या खाचांत भरलेल्या काळ्या निएलोच्या कामासाठी प्रसिद्ध, दागेस्तानातल्या कुबाचीचं काम तर बघत राहावं असं, पण ती सडपातळ असतात, मुठीला मोठा गोळा, चापाला कडी नसते, चाप म्हणजे नुसती गोल गुंडी, आणि लॉक मिकेले जातीचं, ज्याची मोठी स्प्रिंग पट्टीच्या बाहेर दिसते. आपल्यावर कडी होती आणि स्प्रिंग आत होती. मिकेलेचं मूळ स्पेनमध्ये, आणि तिथल्या कॅटालोनियातल्या रिपोल गावची पिस्तुलं पण अशीच नटवी, पण आखूड आणि गोल मुठीची, मिकेलेच लॉक, त्यामुळे तीही बाद. स्कॉटलंडची तर अख्खी धातूची, मुठीच्या टोकाला मेंढ्याच्या शिंगासारखी दोन वळणं, तिकडे बघायची गरजच नव्हती. चाच्यांबद्दल एवढंच की चाचा नावाची कुठली बनावट नसते.

ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त खात्री दिली ती मात्र नक्षीत नव्हतीच. नळीच्या खाली गज असतो ना, बार ठासायचा, तिथे चांदीचा सुंदर गज होता, टोकाला बोंड वगैरे सगळं. ओढला तर येईना. गंज धरला असेल म्हणून भिंगातून बघितलं तर तो गज नव्हताच, दस्त्याच्याच पत्र्याला तसा आकार दिलेला. गजाचं नुसतं सोंग. बंदुकीच्या जगात हा वेडेपणा वाटेल, ठासणीच्या पिस्तुलाला गज नाही म्हणजे पेनाला रिफिल नाही. पण उस्मानी साम्राज्यात आणि खास करून बाल्कनमध्ये हीच रीत होती, गज वेगळा बाळगायचा, त्याला सुमा म्हणायचे, तो पण नक्षीदार, आणि पिस्तुलाखाली फक्त शोभेचा गज. पिस्तुलांची जोडी कमरेच्या पट्ट्यात खोचलेली असायची. पट्ट्यातून वर काय दिसायचं तर मूठ आणि लॉकचा भाग, आणि सगळ्यात दाट नक्षी नेमकी तिथेच होती, नळीच्या टोकाकडे कारागिराने बऱ्यापैकी आळस केलाय.

झीज पण याला जुळत होती. डाव्या बाजूची नक्षी उजव्या बाजूपेक्षा जास्त गुळगुळीत झालेली. भिंतीवर दोन पिढ्या लॉकची बाजू बाहेर ठेवून टांगलेलं होतं, म्हणजे पुसून पुसून झिजलं असतं तर उजवी बाजू झिजायला हवी होती. मूठ उजव्या हाताला येईल असं पोटावर खोचलं तर अंगाला लागते ती डावी बाजू. करून बघा, फुटपट्टी घेऊन पण कळतं. (काकांनी खरोखर करून बघितलं, भरल्या घरात, पोटावर पट्टी खोचून.)

तर बाल्कन पक्कं. त्यातही चांदीने असं पूर्ण मढवायची आवड पश्चिमेकडची, अल्बानिया, माँटेनेग्रोचा किनारा आणि ग्रीसच्या वायव्येला एपिरस. यान्निना हे तिकडचं चांदीकामाचं मोठं केंद्र, अली पाशाचं राजधानीचं शहर, तो १८२२ मध्ये मारला गेला. उठावाची पानं-फुलं आणि त्यात युरोपियन थाटाचा झेंडे-तोफांचा सरंजाम हे मिश्रण या पट्ट्यात सहज बसतं. नेमकी कार्यशाळा सांगायचा मोह झाला होता, कारण सांगितली की ऐकणारा खूश होतो, पण बिनसहीच्या चांदीवर गावाचं नाव लिहिणं म्हणजे टॅगवाल्याचीच चूक नवीन शाईने करणं. सरकारी चांदीवर सुलतानाचा तुघरा, म्हणजे त्याची नक्षीदार सही, मारलेला असतो, इथे तो नव्हता, पण या भागातली कितीतरी चांदी बिनठशाची आहे, त्यामुळे त्यावरून मी काहीच ओढलं नाही.

साल शोधताना मात्र मी स्वतः तोंडावर पडलो.

चापाच्या कडीवर आतल्या बाजूला, काळ्या मळाखाली, छोटीशी लिखावट सापडली. अरबी लिपीत 'सने' हा शब्द लांब ओढलेला आणि त्याच्यावर आकडे. सने म्हणजे वर्ष, आपण सन अमुक म्हणतो तो सन हाच, (तुर्की ताबांजा आणि आपला तमंचा पण असेच सोयरे आहेत). आकडे दिसले तीन, एक, दोन, तीन. सरळ १२३ हिजरी धरलं तर इसवी सन ७४० निघतं, युरोपात बंदुकीची दारू यायच्या साधारण पाचशे वर्षं आधी. म्हणून मी हुशारी केली, हजाराचा आकडा सोडून दिलाय असं धरलं, ११२३ हिजरी, म्हणजे १७११. आनंदाने काकांना फोन करून सांगितलं पण, "काका, तीनशे वर्षं जुनं आहे."

रात्री झोप येईना कारण लॉक १७११ ला हो म्हणत नव्हतं. १८ व्या शतकाच्या सुरुवातीच्या फ्रेंच पद्धतीच्या लॉकची पट्टी खालून गोलाईत वाकलेली असते, थोडी केळ्यासारखी, आणि नंतर नंतर ती सरळ होत जाते. इथली खालची कड जवळजवळ सरळ होती. आता बाल्कनचा कारागीर जुनी तऱ्हा पन्नास वर्षं चालवू शकतो, तिकडे चकमकीची पिस्तुलं १९ व्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वापरात होती, बाकी युरोपातल्या सैन्यांनी १८४० च्या आसपास टोपीची (गारगोटीऐवजी घोड्याच्या ठोक्याने पेटणारी छोटी धातूची टोपी) हत्यारं घेतली तरीसुद्धा. त्यामुळे 'चकमक आहे म्हणजे १८३० च्या आधीचं' हा नियम तिथे लावायचाच नाही. पण नक्कल मूळ वस्तूच्या मागे राहू शकते, पुढे कशी जाईल? जी तऱ्हा फ्रान्समध्ये अजून रुळलीच नाही तिची नक्कल १७११ ला होणार कुठून.

परत गेलो, मोठं भिंग आणि बाजूने तिरका प्रकाश टाकून बघितलं. तीनच्या उजवीकडे एक टिंब होतं. पहिल्या वेळी मी ते ठोकल्याचा खड्डा समजून सोडून दिलं होतं. अरबी आकड्यांत शून्य म्हणजे टिंब! आपलं शून्य दिसतं तसा गोल काढला की तो पाच होतो, आणि शून्य फक्त एक टिंब. टिंबाच्या तळाशी छिन्नीच्या टोकाची तीच ठेवण होती जी बाकीच्या तीन आकड्यांत होती, आणि आसपासच्या खऱ्या खड्ड्यांचे तळ गोलसर. म्हणजे १२३०. हिजरी गुणिले ०.९७ अधिक ६२२ असा ढोबळ हिशोब केला की १८१५ येतं, कॅलेंडरने बघितलं तर १२३० हे वर्ष डिसेंबर १८१४ मध्ये सुरू होऊन डिसेंबर १८१५ ला संपतं. लॉक, नक्षी, सगळं एकदम शांत झालं. काकांना परत फोन केला, शंभर वर्षं कमी झाली म्हणून सांगायला.

पण तारीख कशाची? तर चापाच्या कडीची, फार तर चांदीकामाची. बंदुकवाला आणि सोनार हे दोन वेगळे लोक, नळी आणि लॉक आधीपासून असू शकतात आणि श्रीमंती आल्यावर दस्ता मढवला असंही होतं. इथे पत्रा लॉकच्या कडेला तंतोतंत बसवलेला होता, लॉक बदलल्याच्या फटी नव्हत्या, आतली लाकडाची खाचही याच लॉकसाठी कोरलेली, दुसऱ्या कुठल्या लॉकच्या जुन्या खाचा नाहीत. म्हणून मी लॉक चांदीच्या बरोबरचं किंवा थोडं आधीचं धरलं. नळी कदाचित त्याहून जुनी, तिच्या खालच्या बाजूला एक बुजवलेली खाच होती जिचा या दस्त्याशी काही संबंध लागत नव्हता, म्हणजे ती आधी दुसऱ्या कुठल्यातरी लाकडात बसली होती.

चांदीवर एक्सआरएफ यंत्राने, म्हणजे क्ष-किरणांनी धातूत काय काय आहे ते सांगणाऱ्या यंत्राने, वाचन घेतलं, त्यात खरवडावं लागत नाही. मुख्य पत्र्यात चांदी, तांबं आणि सोबत सोन्या-शिशाचा किंचित अंश. जुन्या चांदीत तो असतोच, विजेने शुद्धीकरण करायची पद्धत आल्यानंतरची चांदी यापेक्षा फार स्वच्छ असते. मुठीजवळच्या एका ठिगळात मात्र हा अंश जवळपास नव्हताच, तर ते ठिगळ नंतरची दुरुस्ती. घोड्याच्या, गारगोटी धरणाऱ्या वरच्या जबड्याचा स्क्रू तर हातात घेतल्या घेतल्या कळला, आटे एकसारखे, मशीनचे. बाकीच्या सगळ्या स्क्रूंचे आटे थोडे वाकडेतिकडे, खाच मधोमध नसलेली, आणि एका भोकातला स्क्रू दुसऱ्यात जातच नाही. मला जुन्या हत्यारात सगळ्यात जास्त विश्वास या स्क्रूंवर वाटतो, नाव कोरताना माणूस गिऱ्हाईकाचा विचार करतो, स्क्रू घासताना कुणाचाच करत नाही.

एक नुकसान झालेलं होतं ते पण नोंदवतो. मी जायच्या आदल्या आठवड्यात काकूंनी पाहुणे येणार म्हणून मुठीची एक बाजू चांदी चकचकीत करायच्या पेस्टने घासली होती. नक्षीच्या खाचांतला काळा रंग मळ नव्हता, निएलो होता, चांदी-तांबं-शिशाचं गंधकाबरोबरचं मिश्रण, मुद्दाम भरलेलं. बरंचसं गेलं. खोल कोपऱ्यांत सोन्याच्या मुलाम्याचे ठिपके मात्र अजून दिसतात, म्हणजे एके काळी हे पिस्तूल पांढरं-काळं-सोनेरी असं तिरंगी होतं. काकूंना मी एवढंच म्हटलं की दुसरी बाजू राहू द्या, कोरड्या मऊ कापडापलीकडे काही नको.

शेवटी नोंदीचं कार्ड केलं, पश्चिम बाल्कन, शक्यतो अल्बानिया-एपिरस पट्टा, चांदीकाम १२३० हिजरी म्हणजे १८१४-१५, लॉक त्याच सुमाराचं स्थानिक काम, नळी आधी वापरलेली, मुठीवरचं ठिगळ आणि जबड्याचा स्क्रू नंतरचे. 'लाझारिनो' हे नाव ठेवलंय, पण अवतरण चिन्हात आणि उलट्या अक्षरांसकट. जुना टॅग काढून टाकू का असं काकांनी विचारलं, मी नको म्हटलं, तो पण आता या पिस्तुलाचाच कागद आहे, कार्डाच्या मागे पाकिटात घालून ठेवलाय. मशीनचा स्क्रू बदलून जुन्यासारखा करून देतो असं एकजण म्हणत होता, त्यालाही नको सांगितलं. काका आता दुसऱ्याच नादाला लागलेत, जोडीतलं दुसरं पिस्तूल कुठे असेल, आणि त्याच्या कडीवरचं टिंब कुणी नीट वाचलं असेल का.